निळ्या रेघा

बारकीचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. वर्गात सगळ्यांत लहान म्हणून पडलेलं नाव, पण आज प्रात्यक्षिक परीक्षेत पहिल्याच फटक्यात जमलं ते तिलाच. पास झाली की प्रयोगशाळेतली नोकरी पक्की!

ट्रेमधला जादा रंग धुऊन निघाला, तशा जेलच्या मऊ, पारदर्शक पट्टीत प्रथिनांच्या निळ्या रेघा उमटत गेल्या.

"मॅडम, आल्या! सगळ्या आल्या!"

मॅडम कौतुकाने वाकल्या. "शाबास गं! पण कोपऱ्यात हा बोटाचा ठसा? जेलला उघडा हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलंय?"

"नाही लावला हो! सकाळपासून हातमोजे काढलेच नाहीत."

"मग काय आभाळातून पडला?"

बारकीने भिंग धरलं. ठशाच्या मधोमध तिरका व्रण होता. लहानपणी सुरीने कापलेल्या तिच्या तर्जनीवर होता तसाच.

"अगंबाई, हा तर माझाच! थांबा, दाखवते." हसतहसत तिने मोजा ओढून काढला आणि तर्जनी दिव्याखाली धरली.

व्रण नव्हता. एकही रेघ नव्हती. बोट काचेसारखं गुळगुळीत होतं.

ट्रेमध्ये, पहिल्या ठशाशेजारी, दुसरा उमटू लागला होता.