कोरी चिठ्ठी
तुकडीचा कारकून म्हणून प्रत्येकाच्या खिशातल्या काळ्या नळीत नावगावाची चिठ्ठी भरून घेणं माझं काम. मेल्यावर ओळख पटावी म्हणून. पण स्तालिनग्राडच्या तळघरात कोणी भरेना. नाव लिहिलं की मरण पत्ता शोधत येतं म्हणे. थट्टेखोर लुकिचने चिठ्ठीची विडी ओढून नळीत सुया ठेवलेल्या. “कारकूनसाहेब, तुमचीच दोनदा भरा की!” तीन महिने एकेका खोलीसाठी माणसं मेली, हा निर्धास्त. आज सकाळी दक्षिणेकडून तोफांचा गडगडाट सुरू झाला, थांबेचना. “आपल्याच आहेत,” मी ओरडलो. “शत्रूला बाहेरून घेरताहेत!” वरच्या मजल्यावरचे जर्मन चिडीचूप. लुकिचने सुया ओतल्या. “कागद द्या.” “का रे, आज मरायचंय?” “कालपर्यंत चिठ्ठी वाचायला कोण उरणार होतं? आता उरतील. कदाचित मीसुद्धा...” त्याने पेन्सिल माझ्याकडेच सरकवली, त्याचं नाव मीच लिहिलं. मग माझंही, पहिल्यांदाच.