मासेवाली पाण्यात उतरली

सेवंतानं तळ्यांच्या मुलखातल्या गोरेगावच्या बाजारात तीस वर्षं मासे विकले, पण तळ्यात कधी पाऊल टाकलं नव्हतं. नवऱ्यानं जाळं टाकायचं, बाईनं काठावर थांबायचं, अशी सासरची रीत होती. अंदमानात नोकरीला लागलेल्या लेकीनं दोघांना फिरायला बोलावलं. सकाळपासून बोटीनं दोन बेटं पाहून झाली. तिसऱ्यापाशी लेकीनं आईच्या डोळ्यांवर पाण्यातला चष्मा चढवला. “कायले उतरून राहिली? तुले पोहता येते?” नवऱ्यानं बोटीतून दटावलं. “आता शिकतो,” म्हणत तिनं श्वासाची नळी तोंडात धरली आणि लेकीचा हात पकडून समुद्रात उतरली. निळ्या माशांची झुंड समोर आली. कल्ले उघडून मासा ताजा की शिळा सांगणाऱ्या सेवंताला कल्ले पहिल्यांदाच आपसूक उघडताना दिसले. दुपारी सुरमई खाताना नवऱ्यानं हळूच विचारलं, “कसं दिसते वो खालतं?” “जेवून घ्या,” ती म्हणाली, “मंग मीच नेतो तुमाले.”