गरीवरची कोळंबी

सौदीतल्या हुफूफच्या खजूरबागेतल्या गुडघाभर पाटात जमालुद्दीन दर जुम्म्याला तिलापीसाठी गरी टाकून बसे. बोटाला दोरी गुंडाळलेली, आमिषाला भिजवलेल्या रोटीचा गोळा.

आज गरी वर आली ती कोळंबी घेऊन. ताजी, शेपटीकडून ओवलेली. अशी ओवायची खोड एकट्या अब्बांची. आणि ते तर तिकडे रत्नागिरीत वर्षभर अंथरुणाला खिळलेले.

त्याने पुन्हा रोटी लावली. पुन्हा कोळंबीच.

तेवढ्यात बायकोचा, इस्मतचा फोन आला.

"अवो, अब्बांची मूठ सकाळपासून उघडत नव्हती. आता उघडली, तर आत भिजलेली रोटी! आणि हसतायत. म्हणतायत, पोराला सांग, दोरी सोडू नको."

जमालुद्दीनच्या बोटावरची दोरी सावकाश ताणली जाऊ लागली.