पडण्याची तऱ्हा

"पडलीस कशी, ते पुन्हा एकदा सांग," आई म्हणाली.

"किती वेळा सांगू? दगड ओला होता, पाय सटकला." लेकीनं प्लास्टरमधला उजवा हात उशीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

आईनं विषय सोडला. पण एकतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून काढलेल्या बाईच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं नसतं. पाय सटकला की माणूस मागे पडतो. माकडहाड मोडून घेतो, नाहीतर डोकं फोडून घेतो. लेकीचे मात्र दोन्ही तळवे सोलवटले होते, मनगट मोडलं होतं आणि हनुवटीला टाके होते. ती तोंडावर पडली होती, दोन्ही हात पुढे करून. असे पेशंट आईनं वॉर्डात पुष्कळ पाहिले होते. त्यांना मागून कोणीतरी ढकललेलं असायचं, आणि तेही पाय सटकल्याचंच सांगायचे.

जावईबापूंना सुट्टीच्या दिवशी घरात बसणं म्हणजे शिक्षा. तंबू, दोर, दुर्बीण घेऊन सगळं कुटुंब रानात. आठ वर्षांच्या नातीलाही तिच्या मापाची सॅक. ती सदानकदा झाडावर असायची, म्हणून घरात तिचं नाव खार पडलं होतं. लेक लग्नाआधी जिना चढतानाही कुरकुरायची. यंदा मात्र सहलीच्या जागा तीच शोधून काढत होती, त्याही अवघडात अवघड. संसार टिकवायला बायका काय काय करतात, असं आईला वाटायचं.

शेजारीपाजारी जावयाचं कौतुक करून थकत नव्हते. बायकोला पाठीवर घेऊन दोन तास डोंगर उतरला म्हणे! आई मान डोलवायची आणि मनात म्हणायची, आग लावायची आणि बंबही आपणच बोलवायचा.

लेकीची काळजी घ्यायला येऊन तिला दहा दिवस झाले होते. या दहा दिवसांत तिनं बरंच टिपलं. जावई नातीला घेऊन वेगळ्या खोलीत झोपायचा आणि आतून कडी लावायचा. लेकीनं डाव्या हातानं कसाबसा चहा करून दिला, तर तो कोणी बघत नाहीसं पाहून त्यानं मोरीत ओतला. सासूच्या हातचं मात्र दोनदा मागून घ्यायचा. हा कसला गोडवा, तिला कळेना. बायकोकडे तर तो सरळ बघतही नव्हता. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

त्या सकाळी तो गॅलरीत हळू आवाजात फोनवर बोलत होता. आई दाराआड कपड्यांच्या घड्या घालत उभी राहिली.

"पुरावा काहीच नाही हो," तो म्हणाला. "पाहिलंय एकट्या पोरीनं, आणि तिला मी गप्प राहायला सांगितलंय."

आईच्या हातातला टॉवेल खाली पडला.

दुपारी ती त्याच्या सायकलच्या दुकानात गेली. छताला चाकं टांगलेली होती, फरशीवर वंगणाचे डाग होते, आणि काउंटरमागे स्टुलावर बसून खार गृहपाठ करत होती. शाळा सुटल्यावर तो तिला घरी न पाठवता इथेच आणायचा.

"मी दोघी मायलेकींना महिनाभर माझ्याकडे नेते," आई म्हणाली.

पंक्चर शोधणारा त्याचा हात थांबला. "खारीला न्या. आजच न्या. मी स्टॅंडवर सोडतो तुम्हाला."

"आणि तिच्या आईला?"

"तिला नको."

"का बरं?"

"आई, मी तुमच्या पाया पडतो, पण मला काही विचारू नका." त्यानं ट्यूब पुन्हा पाण्यात दाबून धरली.

आईनं मनाशी हिशेब मांडला. साक्षीदार लांब जाणार आणि बायको घरात एकटी राहणार. अर्धं राहिलेलं काम हा माणूस पुरं करणार होता. तिनं नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, संध्याकाळी न्यायला येते म्हणाली आणि जवळजवळ धावतच घर गाठलं. आत शिरल्याशिरल्या तिनं दाराला कडी लावली आणि कपाटावरची बॅग खाली ओढली.

"ऊठ. आपण निघतोय," ती लेकीला म्हणाली. "मला सगळं कळलंय."

लेक पांढरीफटक पडली. "काय कळलंय?"

"तुझा पाय सटकलेला नाही. तुझे तळवे मी पहिल्याच दिवशी पाहिले होते."

लेकीनं बंद दाराकडे पाहिलं. मग तिनं हळूच विचारलं, "कोणाला सांगितलंस?"

"वेडी आहेस का? आईच लेकीच्या पाठीशी उभी राहणार नसेल, तर कोण राहणार?"

लेकीला रडू फुटलं. आईनं तिला जवळ घेतलं. तिलाही भरून आलं. केवढं ओझं या पोरीनं एकटीनं वागवलं!

"एका शब्दानं सांगायचंस ना मला," आई म्हणाली.

"मला वाटलं, तू त्याची बाजू घेशील."

"त्याची? मी? बरी ओळखलीस आईला! आता एकच बघायचं, पुन्हा असं होता कामा नये."

लेकीनं डाव्या हातानं डोळे पुसले आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा हसू दिसलं.

"नाही होणार," ती म्हणाली. "पुढच्या वेळी खारीला तुझ्याकडे ठेवून जाईन. कार्टीनं ऐन वेळी 'बाबा' म्हणून किंकाळी फोडली, तो बाजूला झाला, आणि माझे हात नुसते हवेत गेले."