राठ ब्रश

सुपरवायझरने ओरखडलेला हापूस सुलभासमोर धरला. "बांगड्या घालून आंबे निवडतेस, म्हणून माल खराब होतो. उद्यापासून येऊ नकोस."

सगळ्या बायांसमोर ती मान खाली घालून बांगड्या उतरवू लागली.

शेजारी फिटर मोरेश्वरने आंबे धुण्याचं यंत्र थांबवलं आणि आतल्या फिरत्या ब्रशांवरून बोट फिरवलं. सकाळी ते त्यानेच बसवले होते. मऊ ब्रशांऐवजी बटाट्यांसाठीचे राठ ब्रश चढले होते.

"साहेब, ओरखडे माझ्यामुळे पडलेत. मी चुकीचे ब्रश बसवले."

सुपरवायझर हसला. "होतं हो, मोरेश्वरभाऊ. बदलून टाका. आधी चहा घ्या."

"आणि सुलभाताई?"

"तिला काय? लागू दे कामाला."

चहाचा एकच कप आला. मोरेश्वरला मान वर करवेना. आंबे निवडायच्या सरकत्या पट्ट्यापाशी परत उभी राहिलेली सुलभाच म्हणाली, "घ्या भाऊ, निवेल."