साडेचार लाखांचं डोकं

“महिन्याला साडेचार लाख!” डब्लिनच्या युरोंचे रुपये करून मुलीच्या मामांनी पगार जाहीर केला. पोह्यांची बशी सांभाळत हर्षलने विनयाने मान झुकवली. त्यातले निम्मे घरभाडं गिळतं आणि खोलीत आणखी एक नागपूरकर घोरतो, हे इथे कशाला सांगायचं?

“तुला काही विचारायचंय का गं?” मामा भाचीकडे वळले.

डब्लिनमध्येच दोन वर्षं शिकून आलेली ती पाणी द्यायच्या निमित्ताने हर्षलच्या मागे गेली आणि तिथेच थबकली. मानेवरच्या केसांना कात्रीने पायऱ्या पाडल्या होत्या.

“स्वतःच कापता?” तिने हळूच विचारलं.

हर्षलचा हात मानेकडे गेला. “तिथला न्हावी अडीच हजार घेतो हो!”

“माहितीये. मीही आरशात बघूनच कापायचे.” पेला त्याच्या हाती देत ती म्हणाली, “पण मागच्या बाजूला दुसरं माणूस लागतंच.”