वेगळी चूल

नानांच्या घराला दुसरं मीटर मंजूर झालं. पण ते तूर्तास झालंच नाही असं धरू, कारण तपासणीचे साहेब अजून दारातच उभे आहेत आणि नानांना दरदरून घाम फुटला आहे.

ठरावीक युनिटांच्या वर गेलं की विजेची सवलत बंद, आणि रायपूरच्या मे महिन्यात कूलर कोणाचं ऐकत नाही. मात्र चूल वेगळी असेल तर मीटरही वेगळं मिळतं. म्हणून बूढापारा मोहल्ल्यात ज्यानं त्यानं आपल्या भावाला कागदोपत्री वेगळं काढलं होतं. नानांना भाऊ नव्हता. बायको होती.

"तुम्ही दोघं खरंच वेगळे राहून राहिले का?" मागच्या खोलीतली नवी शेगडी न्याहाळत साहेबांनी विचारलं.

नानांनी बायकोकडे पाहिलं. गोदूला खोटं बोलता येत नसे.

"हव भैया," गोदू म्हणाली. "पोट्टी सासरी गेली तेव्हापासून हे टीव्हीशी बोलून राहिले अन् मी कुकरशी. कुकर निदान शिट्टी तरी मारते."

साहेबांनी डोळे पुसले आणि उभ्या उभ्याच सही केली. ते जाताच नाना खुशीत म्हणाले, "काय ॲक्टिंग केली गोदू! टाक आता चहा."

"तुमची शेगडी मागं आहे," म्हणत गोदूनं मधलं दार लावून घेतलं.

आठवडाभरानं वीज कार्यालयात नानांचा अर्ज आला. 'महोदय, वाढीव दर मान्य आहे. दुसरे मीटर काढून न्यावे व सौ. गोदावरी यांना पूर्ववत माझ्याच मीटरवर जोडून मिळावे, ही नम्र विनंती.'